लालच्या खालचा पिवळा

मी मोटारीच्या बॉनेटला भोक पाडलं, अशी बातमी आमच्या इमारतीत पसरली होती. ती साफ खोटी आहे. भोक पडलं नव्हतं. बशीएवढा लाल रंग उडाला होता आणि त्याच्याखालून पिवळा रंग बाहेर आला होता, एवढंच. पण आमच्या इमारतीत बातमी तळमजल्यावरून निघून चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला बाळसं धरायची सवय आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकू तर संध्याकाळी आमच्याकडे येऊन मला फार भाजलं नाही ना, असं विचारून गेल्या.

आधी हे सांगायला हवं की पॉलिश ही गोष्ट मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. मी कवळ्या बनवतो. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे, तिथे छोट्या मोटरवर फिरणाऱ्या ब्रशापुढे बसून गेली बावीस वर्षं मी लोकांचे दात चमकवतोय. जबड्याच्या आतल्या बाजूला, जिथे आयुष्यात कुणाची नजर जाणार नाही, तिथेही माझ्या कवळीला ओरखडा सापडायचा नाही. तेव्हा एवढीशी दातांची ओळ जो आरशासारखी करतो, त्याला एक बॉनेट जड का जावं, असा माझा सरळ हिशेब होता.

मोटार मूळची आमच्या डॉक्टरांची. दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसलेली लाल स्पोर्ट्स कार. डॉक्टरांची पाठ धरायला लागली आणि त्यांना गाडीतून बाहेर काढायला दर वेळी कंपाउंडर आणि नर्स असे दोघे लागू लागले, तेव्हा त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. मी आनंदाने गळा पुढे केला होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

बायकोला मात्र आनंद झाला नाही. ती शाळेत भूगोल शिकवते. कुठलीही गोष्ट ती आधी लांबून, मग वरून आणि मग मोजून बघते. तिने गाडी तिन्ही प्रकारे बघितली.

"हिच्यात भाजीची पिशवी कुठे ठेवायची?" तिने विचारलं.

"मांडीवर," मी म्हणालो.

"आणि गाडी चालवणाऱ्याने?"

मी तिला हॉर्न वाजवून दाखवला. त्यातून गाडीचं वय झालेलं. अडीच महिन्यांनी नोंदणी नव्याने करायची होती आणि त्यासाठी वाहन कार्यालयात तपासणी होती. हिने तिथेच अट घातली. "पास झाली तर ठेवू. नाही झाली तर त्याच दिवशी भंगारात. तिथून परत घरी आणायची नाही."

मी कबूल झालो. इंजीन ठीक होतं, ब्रेक ठीक होते. वाईट होता तो रंग. उन्हात उभी केली की सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसायच्या. लाल रंग पिकून पिकून विटकरीवर आला होता. तपासणाऱ्याचं मन आधी डोळ्यांनी बनतं, हे मला कवळ्यांवरून माहीत. एका रविवारी सकाळी मी चमक आणायचं बफिंगचं मशीन, पॉलिशची डबी, सहा मऊ फडकी आणि दोन बादल्या घेऊन खाली उतरलो.

खाली पूलसाहेब उभेच होते.

पूलसाहेब म्हणजे आमचे समोरचे शेजारी. पूल बांधणाऱ्या खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. हे नाव आम्ही घरात ठेवलेलं, त्यांना ते माहीत नाही. जगातली कुठलीही अडचण ते शेवटी पुलावर नेऊन सोडवतात. मागे हिला ताप आला तेव्हा त्यांनी लोखंड उन्हात किती फुगतं ते अर्धा तास सांगितलं होतं.

"दाब कमी पडतोय," ते मागे हात बांधून म्हणाले.

"दाब द्यायचा नसतो. मशीनच्या वजनावर काम होतं," मी म्हणालो.

"ते झालं सपाट भागाचं. कडेला दाब हवाच. आमच्या पुलांच्या कठड्यांना रंग देताना…"

पुढे पंधरा मिनिटं कठडे. आता मी त्यांचं ऐकलं असं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, एवढीच माझी चूक. माणूस बोलतोय म्हटल्यावर मान तिकडे वळवावी, हा संस्कार. मान वळली, हात तिथेच राहिला, आणि बॉनेटच्या कडेला मशीन एका जागी फिरत बसलं. वास आला. खाली बघतो तर लाल रंगात बशीएवढा पिवळा डोळा उघडा.

"प्रायमर," पूलसाहेब ठामपणे म्हणाले. "घाबरू नका. पिवळा प्रायमर असतो."

मी वाकून फडक्याने पुसलं. रंगाआधी खाली देतात तो प्रायमर असा चमकत नाही. तो चांगला गुळगुळीत, घट्ट, कारखान्यातून निघालेला पिवळा रंग होता, आणि तो वरच्या लालपेक्षा शंभर पटींनी सुंदर होता.

वर येऊन मी हिला सांगितलं. हिने कपाटातून गाडीचं नोंदणीपुस्तक काढलं, चष्मा लावला आणि पहिलं पान वाचलं. मग पुस्तक माझ्यापुढे सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं. रंग : पिवळा.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी घेतली तेव्हाही लालच होती रे. मला वाटलं, पुस्तकातही लालच असेल. पुस्तक कोण वाचतं?"

हे मात्र खरं. जगात नोंदणीपुस्तक वाचणारी माणसं दोनच. एक माझी बायको आणि दुसरा तपासणी करणारा निरीक्षक.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वाहन कार्यालयात गेलो. लांबट खोली, काचेच्या सात खिडक्या, त्यांतल्या दोन उघड्या. माझ्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांच्यापुढे रबरी शिक्क्यांचं एक झाड होतं आणि त्या एकेक शिक्का बघून परत टांगत होत्या. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे पुस्तकातली गाडी पिवळी आणि तुमची लाल," त्या म्हणाल्या.

"हो. पुस्तकात तेवढं लाल करून द्या."

"करता येईल ना. रंगबदलाच्या परवानगीचा अर्ज आणा."

"द्या, आत्ता भरतो."

"तुम्ही नाही. ज्यांनी रंग बदलला त्यांनी भरायचा. आणि रंग बदलायच्या आधी."

"अहो, तो बदलून दहा-बारा वर्षं झाली असतील! तो मालक कोण, तेही मला ठाऊक नाही."

"त्याला मी काय करू?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात वाईट नव्हता, उलट मायेचाच होता. "आधीचा अर्ज आधीच करायचा असतो."

मी झाडावरचे शिक्के मोजले. मग विचारलं, "बरं, मी गाडीच पिवळी रंगवून घेतली तर?"

"चांगलंच. फक्त रंगकाम करणाऱ्याचा दाखला लागेल. आणि पुस्तकातला रंग व गाडीचा रंग जुळत असल्याशिवाय त्याला काम घेता येत नाही."

"पण जुळत नाही म्हणूनच तर रंगवायची!"

"तेच म्हणतेय मी."

माझ्या मागे रांग वाढत होती. कुणीतरी मुद्दाम खोकलं. माझ्या अंगात एकदम काहीतरी शिरलं. माणसाची अडवणूक झाली की तो एक तर घरी जातो नाहीतर हट्टाला पेटतो. मी घरी जाणाऱ्यांतलाच आहे. पण त्या दिवशी डोळ्यांपुढे तो बशीएवढा पिवळा होता.

"बाई," मी काचेला नाक लावून विचारलं, "रंग लावायला परवानगी लागते. रंग काढायला लागते का?"

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. खालच्या खणातून नियमांचं जाड पुस्तक काढलं, दोन ठिकाणी उघडलं, एक पान मागे गेल्या.

"काढायचं काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग बहुधा स्वतःशीच, "कुणी विचारलंच नव्हतं."

अशा रीतीने माझा निश्चय झाला. अख्ख्या गाडीवरचा लाल रंग हाताने काढायचा आणि खालचा पिवळा जसाच्या तसा वर आणायचा. मशीन नाही, रसायन नाही. पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिशपेपर आणि बोटं. पिवळा दिसू लागला की कागद बदलायचा, आणखी बारीक घ्यायचा, आणि रबरावर कागद गुंडाळून एकाच दिशेने हात चालवायचा. मी हे घरी जाहीर केलं तेव्हा हिने फक्त पेन्सिल घेतली.

"एका तासात किती होतं?"

मी तळहात दाखवला.

तिने गाडीचं क्षेत्रफळ काढलं. तळहातांनी भागलं. "रोज सकाळी दोन तास आणि रविवारी दिवसभर बसलात तर तपासणीच्या पंधरा दिवस आधी होईल," ती म्हणाली. "आजारी पडायचं नाही."

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. मी गाडीची पुढची बाजू घासत होतो आणि वरून पाण्याची बारीक धार सोडली होती. लाल रंगाचं पाणी गाडीखालून निघालं, पार्किंगच्या उताराने फाटकाकडे गेलं, फाटकाखालून बाहेर पडलं आणि फुटपाथवर जाऊन थबकलं. मला मागचं काही दिसत नव्हतं. मी आपला कामात. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बाहेरून आत बघितलं तेव्हा त्याला दिसलं ते असं : एक लाल ओघळ, तो जिथून येतोय तिथे मोटारीच्या पुढच्या बाजूला आडवे पडलेले दोन पाय, आणि हालचाल नाही. हालचाल नव्हती कारण मी नंबरप्लेटच्या खालचा कोपरा घासत होतो आणि तो फक्त मनगटाने घासावा लागतो.

त्याने शिटी फुंकली. शिटी ऐकून मी दचकून डोकं वर केलं, ते बंपरवर आपटलं, आणि मी "आई गं!" म्हणून ओरडलो. त्या ओरडण्याने उरलीसुरली शंका फिटली. पाच मिनिटांत खाली वीस माणसं जमली. मी उठून उभा राहिलो तर हात कोपरापर्यंत लाल, कपाळाला टेंगूळ, त्यावर मीच हात लावल्याने कपाळही लाल. चौथ्या मजल्यावरच्या काकू मटकन पायरीवर बसल्या.

"मी ठीक आहे," मी म्हणालो. "हा रंग आहे."

"सगळे असंच म्हणतात," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. ते सगळे कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी फलकावर सूचना लावली. 'आवारात कोणत्याही रंगाचे पाणी सोडू नये.' नाव कुणाचं नव्हतं, पण येणारा-जाणारा सूचना वाचून वळून माझ्याकडे बघायचा. बावीस वर्षं मी या इमारतीत ताठ मानेने राहिलो. आता लोक माझ्या हातांकडे बघून जिना बदलू लागले.

मी सेक्रेटरीबाईंकडे गेलो. "बिनरंगाचं पाणी चालेल का?"

"कुठलंच चालणार नाही," त्या म्हणाल्या.

मग पद्धत बदलली. एक बादली, एक स्पंज. ओघळ खाली पडायच्या आत टिपायचा, बादलीत पिळायचा आणि भरलेली बादली दोन जिने चढून आमच्या न्हाणीघरात ओतायची. दिवसाला नऊ-दहा बादल्या होत. माझे गुडघे त्याबद्दल स्वतंत्रपणे बोलतील. पंधरा दिवसांत न्हाणीघराच्या फरशीने कायमचा गुलाबी रंग धरला. हिची एक पांढरी चादर तिथे भिजत होती, ती गुलाबी झाली.

"पास झाली तर गाडी ठेवू, असं मी म्हणाले होते," ही ती चादर दोन बोटांत उचलून म्हणाली. "चादरीबद्दल बोलणं झालं नव्हतं."

पण गाडी उजळत होती! बॉनेट झालं, छत झालं, उजवी बाजू झाली. अर्धी लाल, अर्धी पिवळी, मधे घासून फिकट झालेला नारिंगी पट्टा, अशी ती उभी असायची. पूलसाहेब रोज येऊन मागे हात बांधून बघायचे आणि आदल्या दिवशीपेक्षा वेगळा सल्ला देऊन जायचे. एक दिवस म्हणाले, दोन रंग छान दिसतात, इथेच थांबा. मी थांबलो नाही. मी आता कुणाकडे मानही वळवत नव्हतो.

दवाखान्यात मात्र पंचाईत झाली. सकाळी दोन तास घासल्यावर हात थांबत नसत. एका निवृत्त मुख्याध्यापिकांची कवळी मी त्याच तंद्रीत घासली. चार दिवसांनी त्या ती रुमालात गुंडाळून परत घेऊन आल्या.

"बसत नाही का नीट?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसते उत्तम. पण मी तोंड उघडलं की समोरचा माणूस आपले केस नीट करतो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला आत बोलावून घेतलं. "गाडी तुला मी दिली," ते म्हणाले. "मला वाईट वाटायला लावू नकोस." मी ती चमक थोडी मारून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी वस्तू मुद्दाम मंद केली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

खरी परीक्षा पुढे होती. डावं दार घासता घासता बोटाला काहीतरी वेगळं लागलं. लाल गेला, पण खाली पिवळा आलाच नाही. करडा आला. वहीएवढ्या जागेत करडी पुट्टी. कधीतरी कुणीतरी ठोकर दिली होती, खड्डा पुट्टीने भरला होता, आणि बहुधा तो लपवायलाच सगळी गाडी लाल केली होती. त्या जागी पिवळा रंग वर आणायचा तर तो मुळात तिथे नव्हताच.

मी स्टुलावर बसलो. तपासणीला तीन आठवडे राहिले होते. तेवढ्यात ही शाळेतून आली. पाठीवर पिशवी, हातात गुंडाळलेले नकाशे. तिने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"संपलं," मी म्हणालो. "रंग लावायचा तर दाखला हवा आणि दाखला मिळत नाही. भंगारवाल्याला सांगून ठेव."

ती नकाशे छतावर ठेवायला गेली, मग थांबून ते जमिनीवर ठेवले. वाकून पिवळ्या भागावरून हळूच बोट फिरवलं. मग परत फिरवलं. एवढे दिवस तिने गाडीला हात लावला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"हे तुम्ही केलंत?" तिने विचारलं.

"मग कुणी?"

"हातांनी?"

मी हात दाखवले. दहाही बोटांच्या टोकांची कातडी निघालेली होती.

"वहीएवढी जागा रंगवली तर त्याला रंगकाम म्हणत नाहीत," ती म्हणाली. "डागडुजी म्हणतात. उद्या रंगाच्या दुकानात जाऊ."

आता छटा जुळवणं हा माझा प्रांत. माणसाचे दात पांढरे असतात ही समजूत चुकीची आहे. ते पिवळेच असतात, आणि त्यातल्या सोळा छटा मी झोपेत सांगू शकतो. मी दुकानातून तीन डब्या घेतल्या, काचेवर मिश्रण केलं, दाराशेजारी धरलं.

"हा दाताचा पिवळा झाला," ही म्हणाली.

"बरोब्बर तोच आहे."

"गाडीचा कोवळ्या उन्हाचा आहे. यात थोडा हिरवा हवा."

"पिवळ्यात हिरवा? अगं, वीस-बावीस वर्षं मी…"

"आणि मी तितकीच वर्षं वाळवंटं रंगवतेय," ती म्हणाली आणि माझ्या हातातून काडी काढून घेतली. तिने काडीच्या टोकावर जेमतेम दिसेल एवढा हिरवा घेतला, मिसळला, काच दाराला लावली. काचेवरचा रंग दिसेनासा झाला. मी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. दिसतच नव्हता.

त्या दिवसापासून ती रोज शाळेत जायच्या आधी अर्धा तास खाली यायची. स्पंज तिच्याकडे, कागद माझ्याकडे. बोलणं फारसं होत नसे. "डावीकडे राहिलंय." "दिसलं." एवढंच. पण लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर आम्ही दोघं एका कामाला असे पहिल्यांदाच लागलो होतो. पूलसाहेबांनी एकदा हिलाही दाब द्यायला सांगितलं. हिने त्यांना अदबीने नकाशांची गुंडाळी धरायला दिली. ते अर्धा तास ती धरून उभे होते आणि दोन्ही हात अडकल्यामुळे त्यांना काही दाखवता येत नव्हतं.

तपासणीला दहा दिवस असताना गाडी पूर्ण पिवळी झाली. आता तो पिवळा जपायचा होता. त्यासाठी एक पातळ काचेसारखा थर देतात. बाटली एवढीशी, फडक्यावर चार थेंब घ्यायचे, चौकोनाचौकोनाने पसरायचे आणि सुकायच्या आत पुसायचे. मग आठवडाभर पाणी नको, धूळ नको, माणूस तर नकोच. मी तीन थर दिले. बाटलीवर एक पुरे असं लिहिलं होतं, पण बाटली लिहिणाऱ्याने ती गाडी घासलेली नव्हती. वर त्या गुलाबी चादरीचा तंबू ठोकला आणि रोज दवाखान्यातून आल्यावर तंबूशेजारी स्टूल टाकून बसलो.

थर पक्का झाल्यावर चादर काढली. पावशेर पाणी ओतून बघितलं तर त्याचे गोल मणी झाले आणि घरंगळत निघून गेले. एक भटकी मांजर रोज बॉनेटवर झोपायची. ती नेहमीच्या सवयीने उडी मारून बसली, तशीच बसल्या बसल्या खाली घसरत आली आणि जमिनीवर पोचल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला त्या दिवशी कृतार्थ वाटलं.

तपासणीच्या दिवशी हिने रजा घेतली. वाहन कार्यालयामागच्या मोकळ्या पटांगणात गाड्यांची रांग होती. निरीक्षक कमी बोलणारे, खांद्याला पिशवी लावलेले, पायात मळके बूट घातलेले गृहस्थ होते. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, हॉर्न वाजवून बघितला. मग नोंदणीपुस्तक उघडलं. पुस्तकाकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. हिने माझा दंड धरला.

"रंग पिवळा," ते म्हणाले आणि खूण केली.

मग गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या दारापाशी क्षणभर थांबले. ते तिथे वाकले, आपलं प्रतिबिंब दिसलं म्हणून दाढीवरून हात फिरवला आणि पुढे गेले.

"पास," ते म्हणाले.

ही हसत होती. निरीक्षकांनी पिशवीतून एक गोल स्टिकर काढला, त्यावर तारीख घातली, पाठीमागचा कागद सोलला आणि डिकीच्या डाव्या कोपऱ्यावर तो चिकटवून अंगठ्याने दाबला. अंगठा काढला. स्टिकर हळूहळू खाली सरकला, कडेपर्यंत गेला आणि जमिनीवर पडला.

त्यांनी तो उचलला, फुंकर मारून परत लावला. तो परत खाली उतरला, या वेळी जरा लवकर.

"काय लावलंय याला?" त्यांनी विचारलं.

अडीच महिन्यांत मला हा प्रश्न कुणी आपणहून विचारला नव्हता. मी सगळं सांगितलं. तीन थर, चौकोन, थेंब, पाण्याचे मणी. त्यांनी ऐकून घेतलं. दुसरा स्टिकर काढला. तोही उतरला.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "पण स्टिकर राहिल्याशिवाय पास धरता येत नाही."

"काचेवर लावा ना!"

"बसेल ना काचेवर. पण नियम गाडीच्या रंगीत भागावर लावायचा आहे."

"मी हातात धरून घरी नेला तर?"

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. निरीक्षक माझ्या जवळ आले आणि पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात म्हणाले, "एवढी जागा घासून घ्या. खरखरीत झाली की बसेल." त्यांनी हाताचा तळवा डिकीच्या कोपऱ्यावर ठेवून मला जागा दाखवली.

पॉलिशपेपर माझ्या खिशात होता. अडीच महिन्यांत तो माझ्या प्रत्येक खिशात असायचाच. मी तो काढला. डिकीत माझा चेहरा दिसत होता, त्याच्यामागे आभाळ दिसत होतं, आणि बाजूला ही दिसत होती. मी म्हणालो, "तू घासतेस का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हीच घासा. तुमचा हात हलका आहे."

मी घासलं. फार तर वीस वेळा हात फिरला असेल. तो आवाज मी दोनशे तास ऐकला होता, पण कानाला असा कधी लागला नव्हता. तळहाताएवढा पिवळा आंधळा झाला. निरीक्षकांनी नवा स्टिकर घेतला, मागचा गाडीवाला पुन्हा हॉर्नवर बसला, त्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि स्टिकर बसला. पक्का बसला. चांगला बोटभर तिरका बसला.

"अहो, हा सरळ…" मी पुढे झालो.

"हात लावू नका," निरीक्षक म्हणाले. "निघाला की नापास."

घरी येताना गाडी ही चालवत होती, भाजीची पिशवी माझ्या मांडीवर होती. दोन वेळा सिग्नलला लोकांनी वळून गाडीकडे बघितलं. तिसऱ्या सिग्नलला ही त्यांच्याकडे बघून किंचित मान झुकवू लागली.

इमारतीत शिरलो तर पहारेकऱ्याने फाटक दोन्ही बाजूंनी उघडलं. सेक्रेटरीबाई जिन्यात थांबल्या. चौथ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, एवढी उजळ गाडी त्यांनी या फाटकातून कधी आत येताना बघितली नव्हती. पूलसाहेब पुढे आले. मागे हात बांधून त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली. मग दुसरी मारली. बॉनेट बघितलं, दारं बघितली, वाकून खालची कड बघितली. त्यांना काही सापडत नव्हतं. सगळी इमारत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी ते डिकीपाशी आले, एक हात गाडीच्या छतावर टेकला आणि डावा कोपरा बराच वेळ न्याहाळला.

"स्टिकर वाकडा लागलाय," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं, पण त्याआधी ही गाडीतून उतरली. तिने पर्समधून रुमाल काढला, पूलसाहेबांचा हात अदबीने छतावरून बाजूला केला आणि तिथे उमटलेले त्यांच्या पाच बोटांचे ठसे सावकाश, एकाच दिशेने, पुसून काढले.